लातुरातली लानाई

अण्णा,

परवा आमच्या नांदेडच्या घरी समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई पहिल्यांदाच आल्या. सूनबाईने दारातच त्यांच्या गळ्यात बोगनवेलीची माळ घातली, चटईवर बसवलं, आणि काठवटीवरचं झाकण काढून ती त्यांच्यापुढे सरकवली. बाई आधी बावरल्या, मग हसल्या, मग दीड तास बसल्या. त्या गेल्यावर सूनबाईने विचारलं, "आई, लग्न होऊन आल्यापासून मी हे करते, पण का करते ते मला माहीत नाही. माझ्या माहेरी माळ फक्त लग्नात आणि सत्कारात घालतात." मी म्हटलं, माझ्या वडलांची पद्धत आहे, ते काही दिवस हवाई बेटांवर राहिले होते. तिने मान डोलावली आणि ती कामाला लागली. मला मात्र ते उत्तर पुरेना. खरं उत्तर लांब आहे, आणि ते तिला सांगण्याआधी एकदा तुमच्यापुढे मांडावं असं वाटलं, म्हणून दुपारचं जेवण उरकून ही वही घेऊन बसले आहे.

मुखेडकडचं तुमचं खेडं सोडून तुम्ही मुंबईला गेलात, गोदीत ओझी वाहिलीत, मग एका मालवाहू जहाजावर भंडाऱ्याच्या हाताखाली लागलात. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, हे मला शाळेत दरवेळी समजावून सांगावं लागायचं. होनोलुलुच्या बंदरात तुमच्या पोटात कळा यायला लागल्या, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि जहाज तुम्हाला सोडून पुढे गेलं. दवाखान्यातून सुटल्यावर दुसरं जहाज मिळेपर्यंत कंपनीच्या माणसाने तुम्हाला तिथल्या एका घरी ठेवलं. त्या घरातल्या म्हातारीला सगळे टुटू म्हणत. टुटू म्हणजे आजी. त्या घरी आपण तीन महिने होतो, असं तुम्ही आम्हाला सांगायचात. तुम्ही गेल्यावर पत्र्याच्या पेटीत तुमचं खलाशाचं पुस्तक सापडलं. मी शिक्के बघितले, तारखा मोजल्या. एकोणीस दिवस, अण्णा, आणि त्यातलेही सहा-सात दवाखान्यात गेले असणार. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठाव हाय. पर त्येंला तीन म्हयने वाटले आसतील." आणि ती पुढ्यातली मेथी निवडत राहिली.

त्या थोड्या दिवसांत काय घडलं ते तुम्ही शंभरदा सांगितलं असेल, पण प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी थांबून. टुटूने दारात तुमच्या गळ्यात फुलांची माळ घातली. मग घराच्या पुढच्या मोकळ्या, छपराखालच्या जागेत तुम्हाला बसवलं. त्या जागेला ते लानाई म्हणतात. तिथे चटईच्या मधोमध लाकडी भांड्यात पोई होती, अळूचे कंद शिजवून कुटून केलेली, करडी, चिकट, जराशी आंबलेली. घरातली सगळी माणसं त्या एकाच भांड्यातून दोन बोटांनी खात होती. तुम्ही लांब बसून राहिलात. कुणी वेगळ्या ताटलीत वाढेल म्हणून वाट बघत राहिलात. "तवा म्हातारीनं माझा हात धरला आन् भांड्यात घातला," एवढं सांगून तुम्ही थांबायचात. पुढे काय झालं, चव कशी होती, हे विचारलं तर म्हणायचात, "ध्यानात न्हाई." तुमच्या वडलांनी धर्म बदलला तेव्हा तुम्ही जाणते झाला होतात, त्याआधीचं सगळं तुमच्या लक्षात होतं, हे मला तेव्हा कळायचं नाही. मला वाटायचं, अण्णा गोष्ट नीट सांगत नाहीत.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्याआधी उस्मानाबादला जावं लागायचं ती सगळी कामं आता इथे होणार म्हणून गावात मोठी धामधूम होती. नव्या कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत थाटल्या, बाहेरगावाहून कारकून, शिरस्तेदार आले, आणि तुम्हाला एका कचेरीच्या कँटीनमध्ये काम मिळालं. माय दाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. आपण दोन खोल्यांचं पत्र्याचं घर भाड्याने घेतलं. पुढे अंगण आणि अंगणात एक जुना आड, ही त्या घराची श्रीमंती. तुम्ही पहिल्याच आठवड्यात बाभळीच्या मेढी रोवल्या, वर तुराट्यांचा मांडव घातला, त्यावर शिंदीची पानं पसरली, खाली शिंदीच्याच चटया. मग हात झटकत म्हणालात, "झाली लानाई." माय म्हणाली, "ओसरीच की ही. नाव काय बी द्या." तुम्ही म्हणालात, "ओसरी म्हंजी माणसाला तितंच थांबवायची जागा. लानाईत बसला तो घरात आला."

हळूहळू ते बेट आमच्या सगळ्या घरात पसरलं. गोलाईच्या बाजारातून आणलेल्या मोठमोठ्या तांबड्या फुलांच्या छापील कापडाचे पडदे झाले, आणि उरलेल्या कापडाचा तुम्ही स्वतःला बुशशर्ट शिवून घेतला. तो घालून तुम्ही एकदा शाळेत माझं प्रगतिपुस्तक घ्यायला आलात, तेव्हा मी मुद्दाम संडासात जाऊन बसले होते. वर्गात मी एकदा सांगितलं होतं की माझे वडील हवाईला राहून आलेत, आणि सगळ्या पोरींनी आपापल्या पायातल्या चपला वर करून दाखवल्या होत्या. टुटूच्या घरी पांघरुणं कशी करतात तेही तुम्ही मायला शिकवलंत. कापडाची आठपदरी घडी घालायची, एकदाच कात्री चालवायची, आणि उलगडलं की चारी बाजूंनी सारखं मोठं पान. ते दुसऱ्या कापडावर टाचून कडेकडेने धावदोरा घालत जायचं. मायने रद्दीच्या कागदावर तीनदा करून बघितलं, मग पांढऱ्या धडप्यावर हिरवं अळूचं पान उमटवलं. गल्लीतल्या बायका ती गोधडी बघायला यायच्या. माझ्या लग्नात तिने मला तीच दिली.

काठवटीवरून मात्र भांडण झालं होतं. पोईचं भांडं म्हणून तुम्ही मायची भाकरीचं पीठ मळायची काठवटच उचललीत आणि सुताराकडून तिला लाकडी झाकण करून आणलंत. माय दोन दिवस परातीत पीठ मळत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मग तुम्ही तिला दुसरी काठवट आणलीत. अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद, मिळायच्या तेव्हा त्यांची पोई. नाहीतर ज्वारीची आंबील, ती आपल्याकडे बाराही महिने. मायचं म्हणणं पडलं, दोन्हींत फरक तो काय. पण भांड्याचा नियम तुम्ही टुटूकडून जसाच्या तसा आणला होता: झाकण उघडं असेपर्यंत घरात कुणी भांडायचं नाही, कुणाला टोचून बोलायचं नाही. टुटूच्या लोकांत अळू हा माणसाचा थोरला भाऊ. पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते घराशेजारी पुरलं, तिथून अळू उगवला, आणि त्याच्या पाठीवर जन्मलेल्या मुलापासून माणसं झाली. म्हणून थोरला समोर असताना धाकट्यांनी भांडायचं नाही. आपल्या मोरीपाशी, सांडपाण्यावर तुम्ही जो अळू लावला होता, तो खायचा नाही, अशी मला ताकीद होती. माझ्याआधी मायला एक मुलगा झाला होता आणि तो रडलाच नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. लहानपणी मला तो अळू म्हणजे दादा एवढंच ठाऊक. परीक्षेला जाताना मी त्याच्या पानाला हात लावून जायची.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. "जिल्हा आला, पाणी न्हाई आलं," असं माय म्हणायची. नळ तर नावाला उरले होते. गल्लीतले आड एकेक करून आटले आणि आपल्या आडाला तेवढं पाणी राहिलं, तेही दिवसातून थोडंसं झिरपणारं. तुम्ही घरमालकाला विचारून आड सगळ्यांना खुला केलात. दर घरी रोज एक कळशी. तुम्ही आणि माय कामावर, म्हणून सुट्टीत पाणी शेंदून द्यायचं काम माझं. पहिल्यांदा पाण्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात तुम्ही माळ घातलीत. दुष्काळात दुसरं फूल नव्हतं, कुंपणावरची बोगनवेल मात्र उन्हात आणखीच पेटल्यासारखी फुलली होती. लोक हसायचे, लाजायचे, पण माळ घालून घ्यायचे. बसायचे. आंबील प्यायचे.

शेजारच्या घरी नांदेडहून बदलून आलेले एक कारकून होते, तुमच्याच कचेरीतले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकू गोऱ्या, बारीक, तेव्हा सहा-सात महिन्यांच्या गरोदर, आणि माहेर दूर. तुम्ही माळ पुढे केलीत तशी त्यांनी ती हातात घेतली, गळ्यात घातली नाही, आणि जाताना कुंपणाच्या खुंटाला अडकवून गेल्या. लानाईत त्या कधी आल्या नाहीत. कळशी अंगणात ठेवून चार पावलं मागे सरायच्या, मी लांबून पाणी ओतायची, आणि कळशी उचलायच्या आधी त्या ओंजळीने थोडं पाणी काढून कळशीच्या काठावरून शिंपडायच्या. रोज. आम्ही ज्या पाण्याने तोंड धुवायचो तेच भांड्यांना आणि भांड्यांचं दादाला घालायचो, दादाची तीन पानं करपून दोन राहिली होती, आणि काकू रोज ओंजळभर पाणी मातीत शिंपडत होत्या. ते काय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीला कळतं.

वैशाखातली दुपार आहे. मी एकटी आहे. आत्ताच एका म्हातारीला पाणी शेंदून दिलं आहे, दोरी रहाटावर ओली लोंबते आहे. काकू येतात. आता त्यांना आठवा सरून चालला आहे, एक हात कमरेवर, एका हातात कळशी. त्या नेहमीसारखी कळशी खाली ठेवतात आणि मागे सरतात. मी चटईवरून उठत नाही. म्हणते, "आडाला पाणी न्हाई."

"अजिबात नाही?"

"न्हाई."

त्या दोरीकडे बघतात. दोरीच्या टोकातून एक थेंब पडतो. मग माझ्याकडे बघतात. कळशी उचलतात आणि फाटकाबाहेर पडतात. रुळांच्या पलीकडे एक हातपंप होता, तिथे सारं गाव रांग लावायचं. त्या तिकडे वळल्या ते मी पाहिलं. हाक मारता आली असती. पुष्कळ वेळ हाक ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर त्या होत्या.

पंपापाशी त्यांना घेरी आली. लोकांनी टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गल्लीत बायका हळू आवाजात बोलत होत्या. मी पाणी शेंदत राहिले, दर घरी एक कळशी.  मायने विचारलं, ताप आहे का, तर नाही म्हणाले.

चौथ्या दिवशी तुम्ही कचेरीतून आलात तेव्हा अजून ऊन होतं. माय नुकतीच मिलमधून आली होती. लानाईत काठवट मांडलेली, झाकण काढलेलं, आम्ही दोघी बसलेलो. तुम्ही हातपाय धुतले नाहीत. मला आठवतं, तुम्ही दोन बोटं भांड्यात घातली, पण तोंडाकडे नेली नाहीत. मग झाकण उचललंत, काठवटीवर नीट बसवलंत, वर तळहात ठेवलात, आणि म्हणालात, "आता बोल."

मी म्हटलं, "काय बोलू?"

"शेजारचे कारकून कँटीनला आलते. म्हणले, तुमचा आड आटला म्हणून बायको पंपावर गेली. आड कवा आटला?"

मग माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. माळ कशी खुंटाला लटकवली, कशा मागे सरतात, कसं शिंपडतात, दादाची पानं कशी करपली, सगळं. दोरी ओली होती हेसुद्धा सांगितलं. मला वाटत होतं की शिंपडण्याचं ऐकून तुम्ही माझ्या बाजूचे व्हाल. तुम्ही ऐकून घेतलंत.

"ती शिंपडती ते मला दिसत न्हवतं व्हय? रोज दिसत व्हतं."

"मग तुम्ही काही म्हणला का न्हाई?"

"ती शिंपडती ही तिच्या घरची गोष्ट हाय. पाणी आसून न्हाई म्हणणं ही आपल्या घरची झाली." तुमचा आवाज चढला नव्हता. झाकणावरचा हात तुम्ही उचलला नाहीत. "ओली दोरी मी बी बघितलीय. तुझ्यापेक्षा ल्हान व्हतो. माय माझी तापानं फणफणली व्हती, मी गाडगं घेऊन हिरीवर हुबा. वरून एक बाई म्हणली, पाणी न्हाई. दोरी तिच्या हातात, गळून राहिलेली. मला वाटलं, माझं डोळं फुटलं आसतील. दोरीतून पाणी गळतंय आन् हिरीत पाणी न्हाई, आसं कसं." मग म्हणालात, "त्या बाईचं त्वांड मी इसरलो. दोरी न्हाई इसरलो."

माय रडत होती. तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या वेळी वाटलं, आणि नंतरही कितीदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला घेऊन त्यांच्या घरी गेलात. शेजारी राहून तुम्ही त्यांच्या दारात कधी गेला नव्हतात, हे मला त्या दिवशी जाणवलं. त्यांच्या ओसरीच्या पायरीखाली आपण उभे राहिलो. तुम्ही साधा पांढरा सदरा घातला होता. कारकून बाहेर आले, तुम्ही म्हणालात, पोरीला बाईसायबांना काही सांगायचंय. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, पोटाला साडीचा घट्ट पट्टा बांधलेला. मी सांगितलं. आडाला पाणी होतं. मी खोटं बोलले. कारकून पटकन म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, मूल आधीपासूनच अशक्त होतं. पोरीला कशाला..." तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "ते डाक्टरांचं झालं, साहेब. हे आमचं हाय."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोरी ओली दिसली होती मला." आणि पुढे म्हणाल्या, "तेव्हाच मला उमगलं, तू 'नाही' का म्हणालीस." आणि आत गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी मायने दादाचा बुडखा हळूच उकरला आणि एक छोटा कंद वेगळा काढला. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, गप. ओल्या फडक्यात गुंडाळून ती शेजारी गेली. त्या दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मायने मरेपर्यंत सांगितलं नाही. एवढंच बघितलं की त्यांच्या मोरीपाशी जमीन उकरलेली होती आणि भोवती विटांचं आळं केलेलं होतं. मी रोज कुंपणावरून बघायची. पुष्कळ दिवस काहीच आलं नाही. मग एक गुंडाळलेलं पान वर आलं.

त्यानंतर एक दिवस काकू पाण्याला आल्या, कळशी ठेवली, आणि मागे सरायच्या ऐवजी चपला काढून लानाईत येऊन बसल्या. रविवार असावा, तुम्ही घरी होतात. तुम्ही माळ केली नाहीत, फक्त झाकण काढलंत. त्यांनी दोन बोटांनी थोडंसं घेतलं, तोंडात घातलं, आणि मान खाली घालून बसल्या.  टुटूने तुमचा हात धरला होता तसा तुम्ही त्यांचा धरला नाहीत. त्यांचा हात आपणहून आला, असं माय नंतर म्हणाली. सगळं त्या दिवशी बदललं असंही नाही. पाणी भरल्यावर त्यांचा हात सवयीने कळशीच्या काठावर जायचा, आणि कधी मध्येच थांबायचा, कधी नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. त्या गावाचं नाव मला तेव्हा ठाऊक होतं, आता आठवत नाही.

मी परिचारिका का झाले, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. प्रशिक्षणाला नांदेडला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर तुम्ही तो तांबड्या फुलांचा बुशशर्ट घालून आला होतात, आणि मी या वेळी लपले नाही. तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. दिवस भरायच्या आधी आलेली पोरं हातात घेतली. त्यातली किती वाचली, किती गेली, मोजली नाहीत. आता शिकल्यावर मला कळतं की उन्हात चालण्याने आणि घेरीने तसं होऊ शकतं, आणि मूल आधीच अशक्त असेल तर तसंही होऊ शकतं. दोन्ही खरं आहे. डॉक्टर कारकुनांना जे म्हणाले, ते मीही कित्येक बायकांच्या नवऱ्यांना म्हणाले आहे. कधी ते खरं होतं, कधी ते केवळ त्यांना रात्र काढता यावी म्हणून होतं.

माझ्या नवऱ्याला तुमची पद्धत आधी विचित्र वाटली, मग ती त्याचीच झाली. घर बांधताना त्याने गवंड्याला सांगितलं, आधी पुढची लानाई आखा, खोल्या मागनं बघू. शिंदीच्या चटया आता मिळत नाहीत, बाजारातून प्लास्टिकच्या आणतो, त्या उन्हाने तडकतात. मोठ्या फुलांचे पडदे आहेत. नातीला नियम पाठ आहे. परवा तिने आईशी रुसून मला बजावलं, "आजी, झाकण लाव, मला भांडायचंय." आम्ही झाकण लावलं आणि तिला पोटभर भांडू दिलं. हे सगळं तुम्ही बघायला हवं होतं. तुम्ही छातीच्या दुखण्याने गेलात तेव्हा मी ड्युटीवर होते. लातूरला पोचेपर्यंत सगळं उरकत आलं होतं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने लोकांना माझी ओळख करून दिली, "ही त्येंची लेक. दुष्काळात आख्ख्या गल्लीला हिनंच पाणी पाजलं." मी तेव्हा काही बोलले नाही. तुम्ही तिथेच होतात, पांढऱ्या कापडाखाली.

ऊन उतरलं. सूनबाई आत चहा टाकते आहे. हा कागद वहीतून फाडणार नाही आणि कुठे पाठवणारही नाही, पाठवायला पत्ता नाही. एक गोष्ट राहिली, ती लिहून वही मिटते. मुलगा वर्षभरासाठी अमेरिकेत आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, म्हणाला, "आई, मी तिकीट काढतो, तू ये, आपण होनोलुलुला जाऊ. आजोबांचं ते घर सापडणार नाही, पण गाव तरी बघू." मी म्हणाले, नको रे, गुडघे फार दुखतात, एवढा विमानाचा प्रवास झेपायचा नाही. त्याने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. माझे गुडघे चांगले आहेत, अण्णा. रोज नदीपर्यंत चालत जाऊन येते. पण तिथे कुणी म्हाताऱ्या बाईने मला आत ये म्हटलं, तर आत जायच्या आधी तिला हे सगळं सांगावं लागेल, आणि तिची भाषा मला येत नाही.